जुना पिक्चर आणि घरची खिचडी, असं जमवा

पिक्चर बघायचा ठरला की लगेच पिझ्झा मागवायची घाई असते सगळ्यांना, पण नाशिकच्या जानेवारीतल्या थंडीत घरच्या गरम खिचडीची सर त्याला नाही. फक्त एक नियम पाळा, ताटाकडे न बघता एका हाताने खाता आलं पाहिजे. म्हणूनच मिसळ नको (नाशिककर असून म्हणतेय!), तर्री गादीवर सांडली की डाग काही जात नाही.

१ वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मुगाची डाळ धुवून अर्धा तास ठेवा, मग कुकरमध्ये चांगलं सढळ तूप, जिरं, हिंग, कढीपत्ता, हळद, त्यात डाळ-तांदूळ दोनेक मिनिटं परतायचे आणि साडेचार वाट्या उकळतं पाणी आणि मीठ, पाण्यात कंजुषी नको कारण खिचडी बसल्या बसल्या घट्ट होते. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद, वाफ आपोआप जिरू द्या. शिट्ट्या पिक्चरच्या आधी उरकायच्या, नाहीतर ऐन सीनला कुकर ओरडतो. सोबत कढी, ती सतत ढवळत मंद आचेवर, फुटली की गेली, आणि वाटीत नाही तर सरळ चहाच्या मगमध्ये द्यायची.

पिक्चर कुठला? आपण नाशिकचे, मग फाळक्यांपासूनच सुरुवात करू ना, १८७० ला त्र्यंबकेश्वरला जन्मलेला माणूस. त्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन' यूट्यूबवर मिळतो, तासाभराच्याही आतला आहे आणि त्यातला बाळकृष्ण म्हणजे त्यांचीच मुलगी मंदाकिनी, पोरीचा काय धीटपणा आहे बघाच. मूकपट असल्याने पापड बिनधास्त कुरुमकुरुम खा, ऐकायला काही नाहीच, पण मधे पाट्या येतात त्या वाचायच्या असतात, म्हणून वाढायचं सगळं आधीच.

मग पोरांना कंटाळा आला तर १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' लावा. इथे मात्र पापड आधीच खिचडीवर चुरून टाका, कारण डायलॉग ऐकू आले नाहीत की घरात भांडणं. तसे अर्धे डायलॉग काका लोक आधीच म्हणून मोकळे होतात, त्याला इलाज नाही.

गोड वेगळं करत बसू नका, द्राक्षं धुवून ठेवा. खिचडी उरली तर सकाळी त्यात कणीक, कांदा, तिखट घालून थालीपीठं लावा.