तारा झाकणाऱ्यांच्या कामाला यायचंय?

ठाण्यातली बी.एस्सी.ची मुलं मला हमखास विचारतात, इथून धड तारे दिसत नाहीत, मग परग्रहांचे, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांचे, फोटो काढण्याच्या कामात शिरायचं कसं? खरं सांगायचं तर अशा उपकरणांची चाचणी आधी बंद खोलीत, ऑप्टिकल टेबलावर होते. तिथला ‘तारा’ म्हणजे फायबरच्या टोकातून येणारा लेझरचा ठिपका. ठाण्याचं उजळलेलं आकाश इथे आड येत नाही.

अडचण वेगळीच आहे. दृश्य प्रकाशात गुरूसारखा ग्रह त्याच्या सूर्यापेक्षा साधारण १०० कोटी पट मंद असतो, पृथ्वी तर १००० कोटी पट. २००८ साली एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीचे ग्रह टिपता आले, कारण ते तरुण आणि अजून तापलेले आहेत. अवरक्त प्रकाशात ही तफावत खूप कमी होते.

ताऱ्याचा प्रकाश करोनाग्राफ नावाचं उपकरण अडवतो. पण आरशावरच्या नॅनोमीटरभर उंचसखलपणामुळे उरलेला प्रकाश विखुरतो आणि कॅमेऱ्यावर ठिपके उमटतात. त्यांना स्पेकल म्हणतात. दिसायला अगदी ग्रहच! आमचा बहुतेक वेळ यांच्यामागे जातो, आणि मला या कामातलं सर्वांत आवडतं तेही हेच. तरंगलांबी वाढवली की स्पेकल ताऱ्यापासून दूर सरकतो, ग्रह जागचा हलत नाही. शिवाय आम्ही मुद्दाम चित्रात खोटा ग्रह घालतो आणि आमच्याच प्रोग्रामला तो सापडतो का, हे तपासतो. तो सापडत नसेल, तर ‘इथे ग्रह नाही’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नसतो.

स्पेकल पुसायला आकार बदलणारे आरसे लागतात. नासाच्या रोमन अवकाश दुर्बिणीच्या करोनाग्राफमध्ये असे दोन आहेत, प्रत्येकाच्या पाठीमागे आरसा ढकलणारे-ओढणारे ४८ गुणिले ४८ सूक्ष्म रेटे. त्याची चाचणी निर्वात टाकीत झाली, कारण हवेची हालचालही चित्र बिघडवते.

घरी काय करता येईल? टॉर्चवर फॉइल लावून सुईने भोक पाडा, दूर ठेवा. बहिर्वक्र भिंगाने त्याची प्रतिमा मिळवा आणि नेमकी तिच्यावर, काचपट्टीवरचा शाईचा बारीक ठिपका आणा. मागे दुसरं भिंग ठेवून पहिल्या भिंगाची प्रतिमा पाहा: कडेला प्रकाशाचं कडं दिसेल. गोल भोकाच्या कार्डाने ते कडं अडवायचं, ही १९३० च्या सुमाराची फ्रेंच शास्त्रज्ञ बर्नार लिओ यांची युक्ती. पंखा मात्र बंद करा.

सोबत पायथन शिका. एचसीआयपाय हे मोफत पॅकेज नेमकं याच कामाचं आहे. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हा विद्यार्थी-संशोधन कार्यक्रम आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा सुट्टीतला विद्यार्थी कार्यक्रम, दोन्हींच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. पात्रतेच्या अटी नीट वाचा.

आणि जमल्यास वागळे इस्टेटमधल्या एखाद्या लेथवाल्या काकांशी ओळख करून घ्या. भिंगाचा माउंट किती मायक्रॉनपर्यंत अचूक कापता येतो, तापला की किती सरकतो, हे त्यांच्याकडून समजून घेतलेला मुलगा किंवा मुलगी आमच्या टेबलापाशी लवकर रुळते.