तीस-पस्तीस हजारांचा लॅपटॉप: पैसे देण्याआधी दुकानात काय बघायचं

तीस-पस्तीस हजारांत सगळंच चांगलं असलेला लॅपटॉप मिळत नाही. कंपनीनं कुठंतरी हात आखडता घेतलेलाच असतो. तो कुठं घेतलाय ते शोधायचं आणि आपल्याला ते चालतंय का ते ठरवायचं, एवढंच आपलं काम. परभणीत माझं लॅपटॉप-प्रिंटर दुरुस्तीचं दुकान आहे. नवे लॅपटॉप मी विकत नाही, त्यामुळं कुठलं मॉडेल खपतंय याच्याशी मला देणंघेणं नाही. माझ्या टेबलावर येतात ती दोन-तीन वर्षं वापरून झालेली मशीन. ती उघडली की घेताना काय बघायला हवं होतं ते दिसतं.

हिशोब साधा आहे. जे नंतर बदलता येतं त्यात काटकसर करा, जे बदलता येत नाही त्याला पैसे द्या. एसएसडी, म्हणजे फाइली साठवायचा भाग, बदलता येते, बॅटरी बदलता येते, मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस फुकट टाकता येतं. प्रोसेसर मात्र आतल्या मुख्य बोर्डावरच असतो, तो जन्माचा. बॉडी आणि हिंज, म्हणजे स्क्रीनच्या बिजागऱ्या, यांचंही तेच. स्क्रीन बदलता येते, पण चांगलं पॅनल विकत घेऊन बसवणारा गिऱ्हाईक मी अजून बघितलेला नाही, फुटल्यावरच बदलतात.

सेलूकडचे एक मामा आले होते. मुलगी कृषी विद्यापीठात शिकते, तिला लॅपटॉप घ्यायचा होता. मी विचारलं, "मामा, पोरगी काय काम करणार त्यावर?" म्हणाले, "ते तिलाच ठावं. तुम्ही फकस्त टिकंल असा सांगा." टिकण्याचा प्रश्न बरोबरच आहे, पण कामाचा आधी. असाइनमेंट, एक्सेल, पीपीटी, पीडीएफ, युट्यूबवरची लेक्चरं यासाठी लागणारं मशीन वेगळं. सेतू केंद्रावर अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन, प्रिंटर असं सगळं एकदम लावणाऱ्याचं वेगळं. सेतूवाल्यानं क्रोमबुकच्या, म्हणजे विंडोजऐवजी गूगलची सिस्टिम असलेल्या लॅपटॉपच्या, वाटेला जाऊ नये. या यंत्रांचे ड्रायव्हर विंडोजसाठी असतात. आणि त्यानं यूएसबीची भोकं मोजून घ्यावीत. दोनच असतील तर पहिल्या दिवसापासून हब लटकवावं लागतं.

आता प्रोसेसर. "आय ५ देतो" म्हटलं की लोक खूश होतात, पण तो आय ५ कुठल्या पिढीचा ते विचारत नाहीत. इंटेलच्या चार-पाच अंकी नंबराची सुरुवात १ ने होत असेल तर पहिले दोन अंक म्हणजे पिढी, नाहीतर पहिला एकच अंक. आय ३-१२१५यू हा बाराव्या पिढीचा, सहा कोअरचा, म्हणजे आत काम करणारे सहा भाग असलेला. आय ५-८२५०यू आठव्या पिढीचा, चार कोअरचा. इथं आय ३ च भारी आहे. एएमडी कंपनीच्या रायझनची गंमत वेगळी. ७००० मालिकेत तिसरा अंक बघायचा. ७३२०यू आणि ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे आत झेन २ हे जुनं डिझाइन. ७५३०यू मध्ये तो ३, म्हणजे झेन ३. सुरुवातीचा ७ बघून नवा कोरा समजू नका. दोन कोअरचे सेलेरॉन, म्हणजे एन ४०२० किंवा एन ४५००, कितीही स्वस्त मिळाले तरी सोडा. एन १०० ला चार कोअर आहेत. अर्ज भरणं, पत्रं टाइप करणं एवढंच काम असेल तर तो पुरतो, त्यापुढं ओढू नका.

रॅम ८ जीबीच्या खाली नको. पण ८ च्या पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: वाढवता येते का? स्वस्त आणि सडपातळ मॉडेलांत रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते. विक्रेत्याला विचारलं तर तो "हो, वाढते ना" म्हणतो, कारण त्यानं ते मशीन कधी उघडलेलं नसतं. म्हणून तुम्हीच बघा. डेमोचा लॅपटॉप चालू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर टिचकी मारा. खाली 'स्लॉट्स यूज्ड' आणि 'फॉर्म फॅक्टर' अशा दोन ओळी दिसतील. फॉर्म फॅक्टरपुढं 'एसओडिम' असेल तर पट्टी काढता-घालता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर चिपा बोर्डावरच आहेत. त्यासोबत एखादा रिकामा स्लॉटही असू शकतो, म्हणून मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर खात्री करा. वाढवता येत नसेल तर १६ जीबीचं मॉडेल परवडतं का ते बघा, नाहीतर दुसरं मशीन शोधा. "नंतर टाकू" म्हणणाऱ्यांनी रॅमचा आजचा भाव विचारून मगच तसं म्हणावं. २०२५ च्या शेवटापासून हे भाव फार चढलेत.

त्याच खिडकीत सीपीयूवर गेलात की प्रोसेसरचं पूर्ण नाव मिळतं, डिस्कवर गेलात की एसएसडी आहे का ते कळतं. स्टिकर आणि बॉक्स बाजूला ठेवा, इथं लिहिलंय ते खरं. २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी ५१२ पेक्षा लहान म्हणून नाक मुरडू नका, ती बदलता येते. पण ६४ किंवा १२८ जीबीचं 'ईएमएमसी' असेल तर घेऊ नका. ते बोर्डावर चिकटलेलं असतं, हळूही असतं, आणि विंडोजची दोन-चार मोठी अपडेट आली की जागा संपली म्हणून रडत बसतं.

स्क्रीन बघताना दुकानातला चालू व्हिडिओ बंद करायला सांगा. तो व्हिडिओ कुठल्याही पॅनलवर छानच दिसतो, त्यासाठीच बनवलेला असतो. त्याऐवजी एक्सेलची कोरी शीट किंवा एखादा सातबारा उघडा. रिझोल्यूशन १९२० बाय १०८० हवं. १३६६ बाय ७६८ असेल तर शीटच्या कमी ओळी दिसतात आणि दिवसभर वर-खाली करत बसावं लागतं. मग झाकण हळूहळू मागं झुकवा. रंग उलटेपालटे होऊन पांढऱ्याचं करडं झालं तर ते टीएन पॅनल. आयपीएसमध्ये बाजूनं बघितलं तरी फारसा फरक पडत नाही. शेवटी लॅपटॉप उचलून दुकानाच्या दाराशी न्या. या किमतीत साधारण २५० निट्सचा (निट्स हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) उजेड असतो. ओसरीत किंवा खिडकीपाशी बसून काम करायचं असेल तर तो पुरतो का ते दारातच कळेल. विक्रेता कुरकुर करेल. करू द्या.

हिंजवर मात्र मी जरा जास्त बोलणार आहे, कारण स्वस्तातला चांगला चालणारा लॅपटॉप मरतो तो इथं. हिंजची लोखंडी पट्टी बॉडीला तीन-चार बारीक स्क्रूंनी बसवलेली असते. ते स्क्रू ज्यात फिरतात ते पितळी नट प्लास्टिकच्या बोंडांत गच्च बसवलेले असतात. हिंज कडक आणि प्लास्टिक पातळ असलं की झाकण उघडताना प्रत्येक वेळी त्या बोंडावर ताण येतो. एक दिवस बोंड तडकतं आणि नट स्क्रूसकट उपटून येतो. माझ्या टेबलावर अशी मशीन येतात तेव्हा आत बोटाच्या पेरापेक्षा छोटे प्लास्टिकचे तुकडे खुळखुळत असतात, आणि स्क्रीनची चौकट कोपऱ्यात उघडून तोंड वासून बसलेली असते. आम्ही एपॉक्सी भरून बसवून देतो. पण ते जोडकाम. गॅरंटी मी देत नाही, कुणी देत असेल तर त्याला विचारा कशाच्या जोरावर देतो.

दुकानात याची परीक्षा अशी. झाकण मधून न धरता एका कोपऱ्याला धरून उघडा. स्क्रीन पिळल्यासारखी वाकते का, हिंजपाशी चौकटीत फट पडते का, करकर आवाज येतो का, ते बघा. मग कीबोर्डच्या मधोमध अंगठ्यानं दाबा. थोडं खाली जाणारच, पण पूर्ण पत्रा खाली बसत असेल तर सोडा. स्वस्त मॉडेलांत कीबोर्ड वरच्या कव्हरला प्लास्टिकच्या रिबिटांनी ठोकलेला असतो. एक बटण गेलं तरी कधीकधी सगळं कव्हर बदलायची पाळी येते. मराठी इन्स्क्रिप्टमध्ये टाइप करणाऱ्यांनी दोन्ही शिफ्ट पुरेशा मोठ्या आहेत का तेही बघावं, कारण ख, घ, छ, झ सगळी शिफ्ट धरूनच येतात. चार ओळी टाइप करा, लाजू नका.

शोरूममधल्या एसीत मशीन कसं चालतं याला आपल्याकडं फार अर्थ नाही. बहुतेक लॅपटॉपच्या कागदपत्रात ३५ अंश सेल्सिअसपर्यंत वापरा असं लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ वर असतो. म्हणून उलटा करून हवेची जाळी कुठं आहे ते बघा. खालून हवा ओढणारा लॅपटॉप गादीवर ठेवला की त्याचा श्वास कोंडतो. उघडल्यावर पंख्याच्या तोंडाशी मला रजईच्या कापसाचा आणि धुळीचा नमद्यासारखा थर मिळतो, तो या गादीमुळंच. तळाचं झाकण साध्या स्क्रूंनी निघतं का तेही विचारा. वर्षातून एकदा पंखा साफ करायला लागणारच आहे.

लाईट जाते म्हणून बॅटरीही बघायची, पण "दहा तास" या जाहिरातीवर जाऊ नका. वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते, विचारा. ४२ वॉट-अवरची बॅटरी आणि हलक्या कामाला साधारण सात वॉट खर्च धरला तर सहा तास निघतात. टाइप-सी नं चार्ज होणारं मॉडेल मिळालं तर उत्तम, गंगाखेडात चार्जर जळाला तर तिथंच दुसरा मिळेल. आणि पत्र्याच्या बॉडीला हात लावल्यावर बोटाला झिणझिण्या येत असतील तर लॅपटॉप परत करायला धावू नका. बहुतेक वेळा घरच्या बोर्डाला अर्थिंग नसतं. आधी वायरमनला बोलवा.

पंचवीस हजारांच्या आत बजेट असेल तर मी नव्यापेक्षा जुना बिझनेस लॅपटॉप सुचवतो: थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक. कंपन्यांतून निघालेला माल असतो, हिंज दणकट, कीबोर्ड सुटा मिळतो. फक्त आठव्या पिढीच्या खालचा इंटेल नको. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनच चालतं. समोर रिसेट करायला लावा आणि मोबाईलचं हॉटस्पॉट जोडा. सुरुवातीलाच एखाद्या कंपनीचं नाव येऊन त्यांचा ईमेल मागितला तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे, हात लावू नका. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या सेटिंगला, पासवर्ड असेल तरी तेच. बॅटरी तपासायची रीत फोनवर सांगतो तशीच इथं सांगतो: विंडोजचं बटण, सीएमडी टाइप करून एंटर, काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी, एक जागा सोडून स्लॅश, त्याला चिकटून बॅटरीरिपोर्ट असा एकच शब्द, एंटर. फाइल कुठं बनली त्याचा पत्ता तिथंच येतो. त्यात 'डिझाइन कपॅसिटी'च्या मानानं 'फुल चार्ज कपॅसिटी' निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कमी करून मागा.

बिल जीएसटीचंच घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणून "बिनबिलाचं स्वस्त देतो" हा मोह पडतो. पण वॉरंटीला बिल मागतात. ऑनसाइट वॉरंटी असेल तर तुमच्या पिनकोडला माणूस येतो का ते कंपनीच्या साइटवर आधी बघा. नाहीतर प्रत्येक वेळी बॅग घेऊन छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. पैसे दिल्यावर, दुकानातून निघण्याआधी, तो सिरियल नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाका. वॉरंटी आजपासून सुरू होत असेल तर ठीक. दोन-तीन महिने आधीच सुरू झालेली दिसली तर तो डेमोचा किंवा कुणीतरी परत केलेला असू शकतो. तिथंच बॉक्स काउंटरवर परत ठेवा आणि दुसरा मागा.