सोलापुरात जपान-अमेरिका क्लब काढताय? मग हे आधी ठरवून टाका

आमच्या कॉलेजात आम्ही हा क्लब, म्हणजे जपानी आणि अमेरिकन मुलांशी देवाणघेवाण करणारा, तीन वर्षं चालवला. आता नोकरीमुळे सुटला, पण अजून कुणी ना कुणी ज्युनिअर सात रस्ता चौकात गाठतो आणि विचारतो, दादा तुमचे नियम लिहिलेले आहेत का. नव्हते ओ लिहिलेले, सगळं व्हॉट्सॲप ग्रुपात होतं आणि ज्याच्याकडे बॅकअप होता त्याचा फोन पाण्यात पडला. म्हणून आठवेल तसं लिहितोय, क्रम लावत बसलो नाही.

पहिल्या दिवशी आमच्या सरांनी एकच प्रश्न टाकला होता: देवाणघेवाण जपानची आणि अमेरिकेची, मग मधे सोलापूर कशाला? आम्ही गप्प. नंतर कळलं की प्रश्न बरोबर होता. या क्लबात पोरं तीन कारणांनी येतात, ॲनिमे (जपानी कार्टून), अमेरिकेत एमएस, नाहीतर जपानला नोकरी. तिन्ही कारणं घेवाणीची आहेत, देवाण कुणाच्या डोक्यातच नसते. त्यामुळे नियम नंबर एक, जो आम्ही दुसऱ्या वर्षी केला आणि पहिल्याच वर्षी करायला पाहिजे होता: मीटिंगला हात हलवत यायचं नाही. घरातली एक वस्तू, गल्लीतला एक शब्द, एक फोटो, आजीला विचारलेला एक प्रश्न, काहीही आणा आणि दोन मिनिटं बोला. नुसतं ऐकायला येणारा तीन वेळा चालेल, चौथ्यांदा त्यालाच पहिलं बोलायला लावा.

आणि क्लब म्हणजे व्हिसा एजन्सी नाही हे बोर्डावर लिहून ठेवा. अमेरिकेच्या ॲडमिशनसाठी एज्युकेशनयूएसए ही त्यांच्या सरकारची सल्ला सेवा आहे, जपानच्या सरकारी स्कॉलरशिपची माहिती त्यांच्या मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे (कॉन्सुलेट) मिळते, भाषा शिकायची तर जपान फाउंडेशनच्या मिनातो साइटवर फुकट कोर्स आहेत, आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेला पुण्याला जावं लागतं, एवढं एका कागदावर छापून प्रत्येक नव्या मेंबरला द्या आणि विषय बंद करा. नाहीतर प्रत्येक मीटिंगचा शेवट "दादा, किती पॅकेज मिळतं तिकडं" असा होतो.

आता वेळ. याच्यावर सगळ्यात जास्त डोकं फुटलंय म्हणून नीट सांगतो. तिन्ही देश एकत्र कॉलवर आणायचे तर आपला रविवार सकाळी साडेसहा हा एकच धड मुहूर्त आहे. तेव्हा जपानात रविवारचे सकाळचे दहा असतात (ते आपल्या साडेतीन तास पुढे), न्यूयॉर्कला शनिवार रात्रीचे नऊ, कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सहा. कुणाची झोपमोड नाही, झाली तर आपलीच. पण अमेरिकावाले मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात, जपान करत नाही, आपण करत नाही. मग हिवाळ्यात आपले साडेसहा म्हणजे न्यूयॉर्कचे आठ होतात, नऊ नाही.

हे आम्हाला माहीत नव्हतं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पाच जण आणि तिकडच्या दोन जपानी मुली कॉलवर बसलोय, अमेरिकावाले गायब. ते आपल्या सवयीने त्यांच्या नऊला येणार होते, म्हणजे आमच्या साडेसातला. एक तास काय करायचं? तर एका पोरीने सहज विचारलं, जपानीत "जाता का" कसं म्हणतात. उत्तर आलं, "इकिमास का". आमच्यातला एक जण खुर्चीतून उठलाच, अरे "का" तर आपलाच आहे की! मग सुरूच झालं. क्रियापद त्यांचंही शेवटी, विभक्तीसारखं जे काही असतं ते नामाच्या मागे चिकटतं, आणि वाक्याच्या शेवटी आपण "छान आहे ना" म्हणतो तिथे ते "ने" म्हणतात. मधेच एकाच्या घरून आईचा आवाज आला, "पाणी आलंऽऽ", आणि पोरगा माइक चालू ठेवूनच पळाला. तेव्हा आपल्याकडे चार-पाच दिवसांनी नळाला पाणी यायचं हे त्या मुलींना समजावण्यात पुढची दहा मिनिटं गेली. अमेरिकावाले आले तेव्हा त्या दोघी त्यांना "पाणी आलं" शिकवत होत्या. तीन वर्षांत यापेक्षा चांगली मीटिंग झाली नाही. तरीपण नियम हाच, की मार्च आणि नोव्हेंबरमध्ये आठवडाभर आधी तिन्ही देशांच्या वेळा लिहून मेसेज टाका, आणि पाणी यायच्या दिवशी मीटिंग ठेवू नका.

तारखांचंही तसंच. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, अमेरिकेचं ऑगस्ट-सप्टेंबरला, आपलं जून-जुलैला. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार अमेरिकेचा थँक्सगिव्हिंग, ऑगस्टच्या मध्यात जपानचा ओबोन हा पितरांचा सण, जानेवारीत आपली गड्ड्याची जत्रा. तेव्हा कुणी कुणाला धरून बसवू नका.

कॉलवर बोलतानाचा एकच नियम पुरेसा आहे. प्रश्न विचारला की मनात पाच आकडे मोजायचे. आपण आणि अमेरिकन, दोघंही शांतता सहन न होणारी माणसं, कुणी दोन सेकंद गप्प बसलं की आपणच उत्तर देऊन मोकळे. जपानी मुलं विचार करून बोलतात आणि तोपर्यंत विषय बदललेला असतो. आणि ते मधे मधे "हाय, हाय" म्हणतात ते प्रत्येक वेळी "हो, पटलं" असं नसतं, आपण गोष्ट ऐकताना हुंकार देतो तसं असतं. आम्ही तेवढ्यावर एक कार्यक्रम फिक्स झाला असं धरून हॉल बुक केला होता. हाक कशी मारायची ते ज्याचं त्याला विचारा. आडनावापुढे "सान" लावायचं, पण स्वतःच्या नावापुढे कधीच नाही, आपण स्वतःला राव म्हणत नाही तसंच.

विषय काय घ्यायचे यावर लोक फार अडतात आणि शेवटी सुशी-बर्गर-हॅलोविनवर येतात. एक फुकटची आयडिया देतो, टॉवेल घ्या. हसू नका. आपलं सोलापूर चादर आणि टेरी टॉवेलचं, जुनी मिल १८७७ची. जपानात एहिमे भागात इमाबारी नावाचं गाव आहे, ते टॉवेलसाठीच ओळखलं जातं. आणि अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात कॅनापोलिस, तिथं टॉवेलची प्रचंड मोठी गिरणी होती, २००३ला बंद पडली आणि एका झटक्यात हजारो माणसं घरी बसली. हे वाचल्यावर आमच्यातल्या दोघातिघांनी घरी आजोबांना विचारलं, आणि भोंगा, पाळ्या, गिरणी बंद झाल्यावर विड्या वळून आजीने घर कसं चालवलं, असलं काय काय बाहेर आलं जे पोरांनी जन्मात ऐकलं नव्हतं. इमाबारीवाल्यांची एक टेस्ट आहे, टॉवेलचा छोटा तुकडा पाण्यावर टाकायचा, पाच सेकंदांत बुडला पाहिजे. आम्ही स्टीलच्या पातेल्यात करून बघितली. आपला कोरा नॅपकिन तरंगत बसला, सगळे हिरमुसले, मग एकीने डब्याला गुंडाळलेला धुऊन धुऊन मऊ झालेला नॅपकिन काढून एक कोपरा कापला आणि तो टाकल्या टाकल्या तळाला. अशी मीटिंग स्लाइड लावून होत नाही.

भेटवस्तू पाठवायची तर नॅपकिनच पाठवा, चादरीचं पोस्टेज परवडत नाही. जपानला चारचा सेट नको, त्यांच्याकडे चारचा एक उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा आहे. अमेरिकन माणूस भेट लगेच फोडून "वॉव" म्हणतो, जपानी माणूस बऱ्याचदा बाजूला ठेवतो, आवडली नाही असं समजून तोंड पाडू नका. बी-बियाणं, रोपं अजिबात नाहीत. १९१०ला टोकियोने वॉशिंग्टनला चेरीची दोन हजार झाडं पाठवली होती, कीड निघाली म्हणून सगळी जाळली, मग १९१२ला ३,०२० नवीन पाठवली, ती लागली. आणि बाहुल्यांची गोष्ट नव्या मेंबरांना आवर्जून सांगा. १९२७ला अमेरिकेतल्या मुलांनी साधारण बारा हजार बाहुल्या जपानच्या शाळांना पाठवल्या, जपानने उलट ५८ मोठ्या बाहुल्या दिल्या. पुढं युद्ध झालं आणि जपानातल्या बहुतेक बाहुल्या नष्ट केल्या गेल्या, पण काही शिक्षकांनी लपवून ठेवल्या, त्या आजही आहेत.

यावरून युद्धाचा विषय. तो टाळू नका, पण जाब विचारायची पद्धत बंद. ६ ऑगस्टला हिरोशिमा, डिसेंबरला पर्ल हार्बर, दोन्ही येणारच. आणि आपल्याकडे डॉ. कोटणीस आहेत, सोलापूरचे, १९३८ला चीनला गेले, जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ला तिथेच वारले. आमच्या एका मेंबरने त्यांचा फोटो दाखवून कॉलवरच्या एका जपानी मुलीला डायरेक्ट विचारलं, तुम्हाला याबद्दल काय वाटतं? ती बिचारी वीस वर्षांची. उद्या कुणी इंग्रज पोरगा आला तर त्याला चार हुतात्मा पुतळ्यापाशी उभा करून इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या १९३०च्या मार्शल लॉचा हिशेब मागणार का? नियम असा करा: प्रत्येकाने आपल्या गावात काय घडलं ते सांगायचं, दुसऱ्याच्या देशाच्या वतीने कुणाला उत्तर द्यायला लावायचं नाही. १९३४ला जपानी विद्यार्थ्यांनी स्वतः पुढाकार घेऊन अमेरिकन विद्यार्थ्यांबरोबर परिषद सुरू केली तेव्हा दोन्ही सरकारांचं बिनसत चाललं होतं, म्हणजे विद्यार्थी अवघड वेळेलाही बोलू शकतात.

कपडे. युकाता (उन्हाळी सुती किमोनो) घालताना डावी बाजू उजवीच्या वर. आमच्या पहिल्या कार्यक्रमात उलटं झालं, आणि पुण्याहून आलेल्या जपानी शिकवणाऱ्या मॅडमनी त्या पोरीला हळूच पडद्यामागे नेलं, कारण उलटं फक्त मयताला घालतात. तसंच भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका.

जेवणात सगळ्यात मोठी भीती सुशीची नाही, आपल्या शेंगाचटणीची आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी अमेरिकन मुलांत असू शकते आणि जिवावर बेतू शकते, आणि आपल्या भाजीत, कोशिंबिरीत, चटणीत, सगळ्यात कूट. आधी लेखी विचारा. उलट बाजूने, जपानी सूपच्या पाण्यात माशाचा अर्क असतो आणि मार्शमेलो या अमेरिकन मिठाईत बहुतेक वेळा प्राण्यांचं जिलेटिन, त्यामुळं पाकिटं वाचल्याशिवाय लिंगायत-जैन घरच्या मुलांना किंवा हलाल पाळणाऱ्यांना वाढू नका.

पैशाचं थोडक्यात. वर्गणी वर्षाला शंभर, एक वही, दोन सह्या, गूगल पे कुणा एकाच्या नावावर सहा महिन्यांच्या वर नाही. परदेशातून देणगी घ्यायचीच नाही, मित्राच्या खात्यावरसुद्धा नाही, एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय ते बेकायदा आहे. परदेशी पाहुणा कुणाच्या घरी उतरला तर चोवीस तासांत त्याच्या मुक्कामाचा सरकारी फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) ऑनलाइन भरावा लागतो, हॉटेल असेल तर ते भरतात, घर असेल तर आपण. अकरावी-बारावीची पोरं असतील तर पालकांची सही घ्या आणि त्यांचं परदेशी मित्रांशी बोलणं ग्रुपमध्येच, पर्सनलवर नाही.

पदं कमी ठेवा. आमच्याकडे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सहसचिव मिळून अकरा होते आणि खुर्च्या लावायला दोघं. जपानात पार्टी किंवा कार्यक्रम असला की तेवढ्यापुरता एक जण सगळं बघतो, त्याला कांजी म्हणतात. आम्हाला सुताची कांजी माहीत, त्यामुळे शब्द लगेच बसला. दर कार्यक्रमाला कांजी बदलायचा, बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं, मग तो फर्स्ट इयरचा का असेना. "काय करलालास बे" म्हणून त्याला दाबायचं नाही.

हँडओव्हर फेब्रुवारीत करा, परीक्षेनंतर कुणी सापडत नाही. वही, पासवर्ड लिहिलेलं पाकीट, परदेशी मित्रांचे मेल पत्ते, युकाता, उरलेले नॅपकिन, सगळं एका पेटीत, आणि कपाटाची दुसरी चावी शिपाईमामांकडे.