डर्बीच्या दिवशी पाऊस आला, तर आधी जमिनीकडे बघा

पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाची धास्ती जुलैत घेऊ नका. घ्यायचीच तर सप्टेंबरच्या मध्यापासून घ्या. जुलैतली भुरभुर ट्रॅक मऊ ठेवते आणि घोड्यांच्या पायांना मानवते. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा हंगाम मुंबईत महालक्ष्मीला नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्याला जुलैपासून पुढे, अशी वाटणी आहे ती पावसामुळेच. मुंबईत पुण्याच्या जवळपास तिप्पट पाऊस पडतो, पुणं पर्जन्यछायेत. इंग्रजांच्या अमदानीत मुंबईचे गव्हर्नरही पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवायचे. घोडे अजूनही हलवतात.

पुणे डर्बी ही इथली मानाची शर्यत मात्र हंगामाच्या उत्तरार्धात येते, आणि तोवर पावसाची जात बदललेली असते. सकाळी कडक ऊन, दुपारी घामाच्या धारा, आणि तीन-चारच्या सुमाराला हडपसरच्या अंगाने काळंभोर आभाळ. जुलैतले ढग पश्चिमेकडून, सिंहगडाच्या बाजूने येतात. परतीच्या पावसाचे बरेचदा पूर्वेकडून. रेसच्या दिवशी दुपारी पश्चिमेकडे बघून "आज काही येत नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही पूर्वेकडे बघा.

मी घोड्यांची डॉक्टर. पुण्याच्या पागांमध्ये आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. पावसाच्या दिवशी ओळखीतले सगळे एकच विचारतात, "डॉक्टर, आज रेस होणार का?" त्याचं उत्तर तुमचं तुम्हाला काढता यावं म्हणून हे लिहितेय. पैसे कुणावर लावायचे ते मी सांगणार नाही. घोडा आणि जॉकी सुखरूप परत येतील का, हे कसं ताडायचं तेवढं सांगते.

सुरुवात आदल्या रात्रीपासून. हवामान खात्याचा पावसाचा आकडा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजलेला असतो. "24 तासांत 20 मिलिमीटर" वाचून काहीच कळत नाही, कारण तो पाऊस रात्रभर झिरपत पडला की अर्ध्या तासात कोसळला, हे त्यात नसतं. ट्रॅकचं सगळं भवितव्य त्याच्यावर. रात्रभर पडलेले 20 मिलिमीटर हिरवळ पिऊन टाकते. अर्ध्या तासात पडलेले वरून वाहतात आणि सखल जागी तळं करतात. 1 मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर पाणी, हे ध्यानात ठेवलंत की 20 मिलिमीटरची सर किती पाणी ओतून जाते याचा अंदाज येईल.

शिवाय या दिवसांतला पाऊस फार तुटक असतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, दक्षिण पुण्यात माणसं वाहून गेली; त्याच शहरात दुसऱ्या टोकाला इतका पाऊस नव्हता. तेव्हा कोथरूडच्या गॅलरीत उभं राहून कॅम्पातल्या ट्रॅकचं निदान करू नका. रेसकोर्सजवळ कुणी ओळखीचं राहत असेल तर सरळ भिंतीचा स्टीलचा डबा गच्चीत मोकळ्या जागी ठेवायला सांगा आणि सकाळी फूटपट्टी बुडवून पाणी मोजायला सांगा. फुगीर भांडं किंवा बादली नको, त्यात आकडा चुकतो.

सकाळी पेनेट्रोमीटरचा, म्हणजे जमीन किती मऊ ते मोजणाऱ्या साधनाचा आकडा येतो. ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडायचं, सळई जमिनीत किती रुतली ते बघायचं, असं ट्रॅकवर ठिकठिकाणी करून सरासरी काढायची. आकडा जितका मोठा तितकी जमीन मऊ. (इंग्लंडच्या बातम्या वाचत असाल तर सांभाळा, तिथे याच कामाला वापरतात त्या गोइंग स्टिकचं उलटं आहे: लहान आकडा म्हणजे मऊ.) या आकड्याचा आदर करा, पण तो सरासरी आहे हे विसरू नका. सरळ भाग छान आणि वळणावर डबकं, तरी सरासरी शहाण्यासारखीच दिसते. घोडा घसरतो तो त्या वळणावर. आणि आकडा सकाळचा असतो, पाऊस दुपारचा.

त्याच्या शेजारी फॉल्स रेलची माहिती छापलेली असते, ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. आतल्या कठड्यालगतची हिरवळ आठवड्यामागून आठवडे तुडवून खरवडली जाते. म्हणून तात्पुरता कठडा काही मीटर बाहेर सरकवतात आणि घोड्यांना ताज्या गवतावर पळवतात. हंगामाच्या शेवटी, पावसात, हे काही मीटर फार मोलाचे. रेल बाहेर असेल आणि रात्रीचा पाऊस सावकाश पडला असेल, तर मी निम्मी निश्चिंत.

आता मुद्द्याचं, आणि हे लोकांना पटायला जड जातं. सर्वांत धोक्याचा ट्रॅक चिखलाचा नसतो. चार-पाच दिवस ऊन खाऊन टणक झालेल्या जमिनीवर दहा मिनिटांची हलकी सर येते, तो सर्वांत धोक्याचा. वरचा बोटभर थर ओला, खाली दगड. खूर रुतत नाही, पकडही धरत नाही, नुसता सरकतो. दिवसभर भिजलेल्या ट्रॅकवर घोडा दमतो, वेळ जास्त लागतो, पण टाप आत जाते आणि टेकते. म्हणून मुसळधार पाऊस बघून "रद्द होणार" आणि चार थेंब बघून "काही होत नाही" हे दोन्ही अंदाज उलटे पडू शकतात. धावणाऱ्या घोड्याचं वजन साडेचारशे-पाचशे किलो, वेग ताशी 60 किलोमीटरच्या आसपास, आणि दर ढांगेत एक क्षण असा येतो की सगळा भार एकाच पुढच्या पायावर असतो. तो पाय वळणावर सरकला तर पुढे काय होतं ते मी पाहिलंय, आणि तुम्हाला ते बघावं लागू नये.

तिसरी एक अवस्था मधली. पाऊस थांबला, ऊन पडलं, तास-दोन तास गेले. वरचं पाणी गेलं, माती चिकट झाली. आता ती खूर धरून ठेवते, घोड्याला पाय उपटून काढावा लागतो. 2000 मीटरच्या शर्यतीत शेवटच्या 400 मीटरला हे भारी पडतं. खुराची नालही इथेच निघते.

तुम्ही ट्रॅकवर उतरू शकत नाही, पण पहिली रेस तुम्हाला सगळं दाखवते. कठड्याजवळ जा, विनिंग पोस्टपाशी गर्दी करू नका. वळणावर नजर ठेवा आणि कान द्या. चांगल्या ट्रॅकवर टापांचा आवाज एकसंध, घुमणारा येतो. मऊ ट्रॅकवर तो दबतो. पाणी साचलं असेल तर चपाक-चपाक असं तुटक ऐकू येतं. मग मागे उडणारं बघा. गवतासकट मातीची ढेकळं उडताहेत म्हणजे खूर आत जातोय, ठीक आहे. पाण्याची चादर उडतेय तर तिथे डबकं आहे. काहीच उडत नाही, पण मागचे पाय बाजूला सटकताहेत आणि जॉकी वळणावर हात आवरून बसलेत, तर वर लोण्यासारखा थर आहे. तेव्हा पुढच्या रेसला उशीर झाला तर ओरडू नका, स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, ट्रॅक बघायला गेलेले असतील.

सरळ भागात जॉकी कुठून येतात तेही पाहा. चार अनुभवी जॉकी आतली वाट सोडून मधून यायला लागले, की आतली जमीन गेली समजा. जॉकी सकाळी स्वतः चालून बघतात, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. चिखलात ते एकावर एक गॉगल चढवतात आणि एक माखला की खाली ओढून दुसऱ्यातून बघतात. जॉकींच्या सिल्कचे, म्हणजे रंगीत पोशाखांचे रंग शेवटी एकच दिसतात, तेव्हा आपला घोडा सुरुवातीच्या गेटपासून डोळ्याने धरून ठेवा, मध्येच शोधत बसू नका.

पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात त्या आवारात, मी घोड्यांचे कान बघायची. पागेतल्या एका म्हाताऱ्या सईसमामांनी शिकवलेलं. "डॉक्टरबाई, पाऊस घोड्याला आवडतो का ते कानावर दिसतं बघा," म्हणायचे. कान मागे, शेपटी दाबलेली, पुट्टा पावसाकडे फिरवून उभा, असा घोडा आधीच वैतागलेला असतो. त्याचा जुना हिशोबही बघा. महालक्ष्मीचा हंगाम कोरड्या महिन्यांतला. जो घोडा आजवर फक्त मुंबईत पळलाय, त्याने भिजलेला ट्रॅक कदाचित पाहिलेलाच नाही, मग नाव कितीही मोठं असो. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात मऊ जमिनीवर पळून चांगल्या चालीने परत आलेला घोडा मला जास्त भरवशाचा वाटतो.

विजा कडाडायला लागल्या तर मोकळ्या लॉनवरून उठा आणि झाडाखाली थांबू नका. स्टँडच्या आत जा.

रद्द करायची वेळ आली तर लोक चिडतात, हे मला समजतं. लांबून आलेले असतात, मालकांचा वर्षाचा खर्च त्या एका घोड्यावर झालेला असतो. पण इंग्लंडातल्या मोठमोठ्या ठिकाणीही हे झालंय. 1964 साली रॉयल ॲस्कटचा गोल्ड कप पाणी साचल्यामुळे झालाच नाही. 2008 मध्ये यॉर्कची एबॉर मीटिंग पूर्ण रद्द झाली आणि तिथल्या काही बड्या शर्यती न्यूमार्केटला घेतल्या. उलट 2001 ची ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची शर्यत चिखलात घेतली: 40 घोडे सुटले, पूर्ण केली फक्त चौघांनी, त्यातले दोघे पडल्यावर पुन्हा स्वार होऊन. माझं मत स्पष्ट आहे. शंका असेल तर पुढे ढकला. चषक पुढच्या आठवड्यातही चकाकतो, मोडलेला पाय जुळवणं माझ्या हातात क्वचितच असायचं.

तुमचा स्वतःचा घोडा पळणार असेल, किंवा नुकताच हिस्सा घेतला असेल, तर ट्रेनरला चार गोष्टी विचारायला लाजू नका. नालबंदाने सकाळी खिळे तपासले का? सैल नाल चिकट मातीत हमखास जाते. पायाला पट्ट्या बांधणार का? ओल्या पट्ट्या जड होतात, सरकतात. गरज नसेल तर नकोत. पुढच्या टाचांना संरक्षण आहे का? मऊ मातीत पुढचा पाय उशिरा उचलला जातो आणि मागच्या खुराचा मार टाचेवर बसतो. आणि ट्रॅक बिघडला तर घोडा काढून घ्यायचा निर्णय कोण, किती वाजेपर्यंत घेणार? हे आधी ठरलेलं असावं. गेटपाशी उभं राहून ते ठरत नाही.

रेसनंतर पाय धुऊन सोडून देऊ नका. खुरामागची खोबण कोरडी होईपर्यंत पुसा. आपल्याला पावसात बोटांत चिखल्या होतात तसंच त्यांचं तिथलं कातडं फुटतं. खुराचा तळ खरवडून खडा अडकलाय का बघा. खरारा नंतर, आधी पाय. रात्री पायाच्या नळीच्या मागून हात फिरवून दोन्ही पायांची तुलना करा, एक गरम लागला तर डॉक्टरला तेव्हाच बोलवा. सकाळी ताप मोजा, 38.5 सेल्सिअसच्या वर गेला तर काम बंद. मग सरळ, टणक जमिनीवर दुडक्या चालीने पळवून समोरून आणि मागून बघा. मान खाली-वर होत असेल तर पुढच्या रेसची एंट्री त्या दिवशी भरू नका.