जुने भरतकाम जमवायचे? आधी माहेरचे नाव विचारा

सोलापुरात जुनं कापड दाखवा म्हटलं, की समोर चादर येते. ती मागावरची. आपण शोधतोय तो मुलीच्या हातचा नमुना: टाके शिकताना भरलेला मॅटीचा किंवा दोसुतीचा तुकडा. त्यावर धावदोरा, टीप, साखळी, गहू टाका, काज एकाखाली एक, आणि कोपऱ्यात फुल्याफुल्यांचं नाव. इंग्रजीत याला सॅम्प्लर म्हणतात. साल भरलेला सर्वांत जुना ज्ञात ब्रिटिश सॅम्प्लर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. जेन बोस्टॉकचा, १५९८ चा. आपल्याकडच्या तुकड्यावर नाव सापडलं तरी साल सापडेलच असं नाही, म्हणून पुढचा खटाटोप.

सुरुवात घरच्या ट्रंकेपासून करा. मग आत्या, मावशी, शेजारपाजार. बोहारणीलाही सांगून ठेवा. भांड्यांच्या बदल्यात गेलेल्या गठ्ठ्यांत असे रुमाल, अभ्रे हमखास असतात.

तुकडा मिळाला की लगेच नावाचा छडा लावा. इथेच बहुतेकांची फसगत होते. ‘ही कुसुम कोण?’ विचारलं तर घरात कुणालाच ठाऊक नसतं, कारण तो लग्नाआधीचा उद्योग. लग्नात नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं. तेव्हा ‘आजींचं माहेरचं नाव काय, माहेर कुठलं, शाळा कुठली?’ असं विचारा. जुनी लग्नपत्रिका किंवा शाळेचा दाखला मिळाला तर सोनंच. सांगणाऱ्याचे शब्द त्याच दिवशी वहीत उतरवा.

आता कापड उलटं करा. मागे रंग कमी विटलेले असतात, गाठी दिसतात, शिकाऊ हात कळतो. विजापूर जवळच असल्यानं आपल्याकडे कशिद्याचे, म्हणजे कसुतीचे, तुकडेही निघतात. कधी काळ्या चंद्रकळेच्या पदरातून कापलेले. कसुतीच्या गवंती आणि मुर्गी टाक्यांना गाठ मारत नाहीत. दोन्ही बाजूंनी नक्षी सारखीच. मागे गाठींचा गुंता असेल तर ‘अस्सल जुनी कसुती’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून निघा.

काळ ठरवताना अक्षरं वाचा. एकाच घराबद्दल ‘घरांत’, किंवा ‘देवाचें’ असे अनुस्वार असतील, तर भरणारी १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधी लिहायला शिकलेली असावी. असावी एवढंच, शिकलेलं वळण हात जन्मभर सोडत नाही. भडक जांभळा धागा १८५६ नंतरचा समजायला हरकत नाही, कारण पहिला कृत्रिम जांभळा रंग त्या साली निघाला. सुटा धागा जाळून पाहा: सुताला जळक्या कागदाचा वास येतो, रेशमाला केसांचा. टाक्यातला धागा मात्र उपटू नका.

आणि धुऊ नका. मी एक धुतला, तर लाल रंग सगळ्या पोपटांवर पसरला. मऊ ब्रशने धूळ झटका, धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून ठेवा. घडी नको, प्लास्टिक नको, डांबरगोळी कापडाला लागायला नको. फ्रेम केलीत तर सोलापुरी ऊन न पोचणाऱ्या भिंतीवर लावा.

परदेशातल्या लेकीला भेट पाठवायचा विचार असेल तर थांबा. शंभर वर्षांहून जुन्या हस्तकलेच्या वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतात. त्या परस्पर देशाबाहेर नेता येत नाहीत. तिला दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, उलट्या बाजूचा आधी.