घरच्या टीव्हीवर मूकपट पाहायचा असेल तर आधी कूलर बंद करा

मिशेल हाझानाविसियस यांचा २०११ सालचा ‘द आर्टिस्ट’ हा कृष्णधवल आणि जवळजवळ पूर्णपणे मूक चित्रपट आहे. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह ५ ऑस्कर मिळाले, तरीही तो घरी लावला की पंधरा मिनिटांत मंडळींच्या हाती मोबाइल येतात, आणि याचा दोष बहुधा चित्रपटाचा नसून खोलीचा असतो.

नागपुरात एप्रिल-मेमध्ये पहिला अडथळा कूलरचा. मूकपटात संवाद नसले तरी संगीत असते, आणि लुडोविक बूर्स यांचे जे संगीत येथे संवादांचे काम करते तेच नेमके कूलरच्या घरघरीत बुडून जाते. म्हणून रात्रीची जेवणे आटोपेपर्यंत खोली चांगली गार करून घ्यावी आणि पुढची १०० मिनिटे पंख्यावर भागवावे. अगदीच जीव घाबरा झाला तर मध्ये थांबून कूलर लावावा, पण पूर्वार्धातला नायकाच्या मेकअपच्या खोलीतला प्रसंग होऊन जाऊ द्यावा. तेथे तो हातातला ग्लास टेबलावर ठेवतो आणि चित्रपटात प्रथमच एका वस्तूचा आवाज ऐकू येतो. कूलर चालू असेल, तर भांडे आपल्याच स्वयंपाकघरात वाजले असे वाटून तो क्षण वाया जातो.

त्यानंतर टीव्हीकडे वळावे. या चित्रपटाची चौकट जुन्या पद्धतीची, १.३३:१ प्रमाणाची असल्यामुळे रुंद पडद्याचा सुमारे पाव भाग दोन्ही बाजूंना मिळून काळाच राहतो. तो भरून काढण्यासाठी चित्र ताणले की सगळी पात्रे बुटकी आणि रुंद दिसू लागतात. चित्रीकरण सेकंदाला २२ चौकटींनी करून ते २४ च्या गतीने दाखवलेले आहे, त्यामुळे हालचालींत आलेली किंचित लगबग मुद्दामच ठेवलेली आहे. हालचाल गुळगुळीत करणारी टीव्हीची सोय ती बिघडवते, म्हणून ती बंद करून ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड निवडावा.

खाण्याच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे: चिवडा कुरकुरतो, तर तर्री-पोहे खाताना नजर ताटाकडे जाते, त्यापेक्षा संत्रा बर्फी बरी. नायिका खुंटीवरच्या कोटाच्या एका बाहीत आपला हात घालते आणि जणू नायकच तिला जवळ घेतो आहे असे भासते, त्या वेळी पडद्यावर अक्षरांची एकही पाटी येत नाही. नजर हटली तर ते कोणी सांगूनही कळणार नाही. ज्या पाट्या येतात त्या आजी-आजोबांसाठी कोणीतरी मराठीत जरूर वाचून दाखवाव्यात, मात्र पाटीच्या पलीकडे भाष्य करू नये.

चित्रपट संपल्यावर जिन्यावरील भेटीचा प्रसंग आवाज पूर्ण बंद करून पुन्हा एकदा पाहावा. लॉस एंजेलिसच्या ब्रॅडबरी इमारतीच्या त्या जिन्यावर नायिका वर निघालेली आणि नायक खाली उतरणारा आहे. दोघांच्या नशिबाची दिशा संगीताशिवायही किती स्पष्ट दिसते, ते त्या वेळी तपासता येते.