पाखरं बघून पावसाचा अंदाज कसा घ्यायचा? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या लोकांसाठी

मे महिन्यातली दुपार, साडेतीनचा सुमार असेल. गच्चीवर ब्याडगी मिरची वाळत घातलेली आणि मी खाली फॅन लावून आडवा पडलेलो. शेजारच्या अक्कांनी कंपाउंडवरनं हाक मारली, "मळी बर्तैती!" म्हणजे कन्नडमधे पाऊस येतोय, मिरची आत घ्या म्हणून. बाहेर येऊन बघतो तर ऊन कडक, ढग म्हणाल तर पूर्वेला कुठंतरी एक ठिपका. म्हटलं अक्कांना काय झालंय. तर त्यांनी नुसतं बोट वर केलं. एरवी मान मोडेपर्यंत वर बघितलं तरच दिसतात त्या पाकोळ्या आमच्या लाईटच्या तारेच्या उंचीवर घिरट्या घालूलालत्या, दोन घरांच्या मधल्या बोळातनं सूं करून जात होत्या. मिरची भरून पोत्याचं तोंड बांधतोय तोवर वारा सुटला आणि अर्ध्या तासात टपोरे थेंब.

तेव्हापासून मला हा नाद लागला. चार-पाच वर्षं झाली, बरंच चुकलोय, थोडं जमलंय. तुम्हाला करायचं असेल तर कसं करायचं ते सांगतो.

आधी नेहमीचं काय ते बघा

पाखरू वेगळं वागतंय हे कळायला ते रोज कसं वागतं ते माहीत पाहिजे, आणि इथंच सगळे घाई करतात. एक आठवडा द्या. जागा एकच ठेवा, गच्ची, रानातला बांध, तळ्याचा काठ, काही चालेल. सकाळी पंधरा मिनिटं आणि दुपारी तीन ते पाचच्या मधे पंधरा मिनिटं. दुर्बीण नसली तरी अडत नाही.

उंची मोजायला एक सोपी युक्ती आहे, जवळचा मोबाईल टॉवर नाहीतर उंच माड धरायचा. पाकोळ्या टॉवरच्या वर आहेत, मधल्या उंचीवर आहेत की तारेच्या खाली, एवढं बघितलं तरी पुरे. पाकोळी म्हणजे ती काळपट, कोयत्यासारख्या बाकदार पंखांची, शेपटीच्या वर पांढरा पट्टा असलेली, जुन्या इमारतींच्या नाहीतर पुलाच्या खाली घरटी करणारी. काही गावांत फुलपाखराला पण पाकोळी म्हणतात, ती ही नव्हे.

घारीचं पण असंच. ऊन तापलं की जमिनीवरनं गरम हवा वर उठते, त्या हवेवर घार पंख न हलवता चढत जाते. चांगल्या उन्हाच्या दिवशी अकरा वाजेपर्यंत घारी वर दिसायला पाहिजेत. दुपारी बारालासुद्धा सगळ्या खांबावर बसून आहेत म्हणजे हवेला उठाव नाही एवढं समजायचं, पाऊस येणारच असं लगेच नाही.

तासाचं घड्याळ वेगळं, ऋतूचं वेगळं

हे नीट वाचा कारण मी इथंच मार खाल्लाय.

काही खुणा पुढच्या काही तासांच्या असतात. पाकोळी खाली येते ती किड्यांच्या मागनं. हवा गरम होऊन वर उठत असली की बारके किडे तिच्याबरोबर वर जातात, दमट-गार हवा झाली की ते खाली राहतात, मग त्यांना खाणारी पण खाली. एवढंच कारण. तसंच वादळाच्या आधी छोटी पाखरं घाईघाईनं खाताना दिसतात, आणि त्यात नुसती समजूत नाही. २०१३ साली शास्त्रज्ञांनी चिमणीएवढ्या एका अमेरिकन पक्ष्याला बंद खोलीत ठेवून नुसता हवेचा दाब कमी केला तर त्या पाखरांनी जास्त खायला सुरुवात केली. दाब पडतोय हे त्यांना कळतं. पक्ष्यांच्या मधल्या कानात एक बारका अवयव असतो, बहुतेक त्यानंच कळत असावं असं मानतात.

ऋतूच्या खुणा वेगळ्या. पावशा मार्च-एप्रिलपासनंच ओरडायला लागतो, "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा", चांदण्या रात्री तर झोपू देत नाही. लोक म्हणतात शेतकऱ्याला पेरायला सांगतोय. खरं म्हणजे तो आपली जोडीदारीण शोधत असतो, कारण तिला अंडी सातभाईच्या घरट्यात घालायची असतात आणि सगळा वेळ त्या हिशोबानं जमवायचा असतो. मी एका वर्षी ह्याच्या नादाला लागलो. मेच्या मध्यालाच दोन वळीव चांगले झाले, पावशा दिवसभर बोंबलतोय, म्हटलं चला, कुरी जुंपली आणि भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे मान्सूनच्या आधीच करतात ती, उरकून टाकली. घरचे म्हणत होते थांब, रोहिणी तरी लागू दे. त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे आकाश कोरडं ठणठणीत. वळवाच्या ओलीवर जे उगवलं ते करपलं, जे उगवलं नाही ते होल्यांनी आणि मोरांनी उकरून खाल्लं, आणि मृगात परत बियाणं आणायला गेलो तेव्हा दुकानदार हसतोय काय असं वाटत होतं. पावशाची चूक नव्हती, तो ऋतू सांगत होता आणि मी तारीख ऐकली.

२०२५ ला उलटं झालं, मान्सून केरळात २४ मेलाच पोचला, एरवी १ जून धरतात, आणि आमच्या भागात मेमधेच एवढा पाऊस की रानाला वाफसाच मिळेना. पावशा तेव्हापण तेच ओरडत होता.

आपल्या भागात ऋतूसाठी कोण कोण बघायचं

गायबगळा माझा आवडता, कारण त्याला ओळखायला काही लागत नाही. एरवी पांढराशुभ्र, म्हशींच्या पायात घुटमळणारा. पावसाळा जवळ आला की डोकं, मान आणि पाठ केशरी-बदामी व्हायला लागते. ह्या विणीच्या रंगानं तारीख कळत नाही, पण रानातली तयारी कुठवर आली ते तपासायला ही आठवण चांगली.

चातक, काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. उत्तर आणि मध्य भारतातले चातक पावसाळ्याच्या तोंडावर आफ्रिकेकडनं येतात हे खरं, पण दक्षिणेत राहणारे पण चातक आहेत, आणि आपण बरोबर मधल्या पट्ट्यात. त्यामुळं चातक दिसला की लगेच स्टेटस टाकायची गरज नाही. एकदा दिसला तर नोंद करा, आठवडाभर वेगवेगळ्या ठिकाणी ऐकू यायला लागला तर मग त्याला अर्थ.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं राहत असाल तर तुमचं नशीब थोर. जंगलात नवरंग येतो, सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतो, पावसाच्या अगदी तोंडावर. तिबोटी खंड्या, ते निळं-केशरी बोटभर पाखरू, घाटातल्या ओढ्याकाठी जूनच्या सुमाराला दिसायला लागतं. एकदा पाऊस लागला की शीळकरी कस्तूर भल्या पहाटे माणसानं वाजवावी तशी शीळ घालतो. अथणी-रायबागकडच्यांनी ह्यांची वाट बघू नये, तिकडं वर्षाचा पाऊसच पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, कणकुंबीला त्याच्या कित्येक पट. एकाच जिल्ह्यात दोन हवामानं आहेत, म्हणून खानापूरच्या पाव्हण्यानं सांगितलेली खूण अथणीत वापरायची नाही.

आणि कावळ्याचं घरटं, टिटवीची अंडी. कावळ्यानं घरटं झाडाच्या मधोमध बांधलं तर पाऊस चांगला, शेंड्याला बांधलं तर दुष्काळ, असं आमची आज्जी सांगायची. मी दोन वर्षं बघितलं, एकाच गल्लीत एकानं मधे बांधलेलं आणि दुसऱ्यानं शेंड्याला, आता कुणाचं ऐकायचं? टिटवीचं तर अजून मजेशीर आहे, चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस. अहो, टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते! यंदा किती पाऊस पडणार हे सांगणारं पाखरू मला तरी अजून भेटलेलं नाही. चिमणी धुळीत लोळली तर पाऊस म्हणतात, ते पण सोडा, ती अंगातल्या उवा झाडत असते.

खोटी कारणं आधी बाद करा

अचानक सगळी पाखरं गप्प झाली तर वर आभाळाकडं बघायच्या आधी झाडात बघा, शिक्रा बसलेला असतो नाहीतर खाली साप-मांजर. लग्नसराईत फटाके. कुठं ट्रॅक्टर नांगरत असला की बगळे आणि कावळे शंभरानं जमतात, त्याचा हवामानाशी काही संबंध नाही. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी पंखवाली वाळवी उडते तेव्हा कोतवाल, कावळे, घारी, पाकोळ्या सगळे तुटून पडतात, बघायला भारी वाटतं पण ती पाऊस येऊन गेल्याची खूण आहे.

निदान दोन वेगळ्या जातींनी एकाच वेळी तेच सांगितलं पाहिजे आणि वाऱ्यानं दुजोरा दिला पाहिजे. आमच्याकडं वळीव बहुतेक दुपारनंतर पूर्वेकडनं उठतो, मान्सून येतो पश्चिमेकडनं, चोर्ला घाटाच्या अंगानं. पाकोळ्या खाली, पूर्वेला काळं, वारा थांबलेला, म्हणजे मिरची उचला.

ह्या तासाच्या खुणा कामाच्या म्हणजे एप्रिल-मे आणि परत सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलैत कणकुंबीला पाऊस येणार हे सांगायला पाखरू कशाला पाहिजे.

वहीत लिहा, "नाही" पण लिहा

पोराची जुनी वही चालते. तारीख, वेळ, वारा कुठनं, पाखरू काय करत होतं, आणि पुढच्या सहा तासांत पाऊस आला का. शेवटचा रकाना महत्त्वाचा. पाऊस आला की सगळ्यांना आठवतं, नाही आला की कुणी लिहीत नाही, आणि म्हणूनच सगळ्या जुन्या खुणा खऱ्या वाटतात. आवाज ओळखता येत नसेल तर मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, फोन धरला की कुठलं पाखरू ते सांगतं, कधी कधी भलतंच सांगतं.

मोबाईलशी ताडून बघा, आणि विजेशी खेळू नका

पेरणी, फवारणी, मळणी असल्या पैशाच्या गोष्टी पाखरावर ठरवायच्या नाहीत. हवामान खात्याचं मेघदूत ॲप आहे, कर्नाटक सरकारची वरुणमित्र हेल्पलाईन आहे, त्यांची पाऊस मोजायची यंत्रं ग्रामपंचायतीच्या पातळीवर बसवलेली आहेत. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप टाकून ठेवा. वळवात वीज फार वाईट. पाकोळ्या किती खाली आल्या ते बघायला गच्चीवर उभं राहायचं नाही, चिंचेखाली तर मुळीच नाही. दोन मिनिटं बघा, आत या, खिडकीतनं बघा.

अजून एक, क्वचित होणारं. अरबी समुद्रात मोठं वादळ झालं, २०२१ च्या मेमधलं तौक्ते आठवा, की वाऱ्यानं समुद्रातले पक्षी जमिनीवर फेकले जातात, दमून कुठंही पडतात. असं कधी न बघितलेलं, लांब पंखांचं पाखरू रानात बसलेलं दिसलं तर त्याला चपाती-भात खायला घालू नका, पाणी तोंडात ओतू नका. खोक्याला भोकं पाडून सावलीत ठेवा आणि वनखात्याला फोन करा.

वही ऑक्टोबरपर्यंत चालू ठेवा. सप्टेंबर संपता संपता शेपटी वरखाली हलवत धोबी पाखरू खळ्यावर, ओढ्याकाठी पळायला लागतं, उत्तरेकडनं आलेला पाव्हणा, तारांवर भिंगऱ्या रांगेनं बसतात. पाऊस संपत आला असं समजायला हरकत नाही, पण धोबी दिसला म्हणून ताडपत्री माळ्यावर टाकू नका, परतीचा पाऊस नेमका भात कापून पडलेलं असतानाच गाठतो.